चॉपरचं इंजिन टिकतं, बाकीचं टिकवावं लागतं

चॉपर म्हणजे सामान काढून, बहुधा फ्रेम कापून आणि समोरचा शॉकअप लांब करून बनवलेली मोटारसायकल. कोणी म्हटलं की "चॉपर लय बंद पडते भाऊ", तर मी एकच विचारतो: बंद काय पडलं? उत्तर येतं वायर जळली, टाकी गळाली, चेन उतरली, सायलेन्सर लटकला. इंजिन बसलं असं सांगणारा क्वचित भेटतो. मी नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला आहे. पंप, पंखे, मोटारी, त्यांचं बेअरिंग आणि त्यांची थरथर हेच माझं रोजचं काम. घरी जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या इंजिनावर उभी केलेली चॉपर आहे, मागे शॉकअप नसलेली, म्हणजे ज्याला हार्डटेल म्हणतात ती. रविवारी सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर आमच्यासारखे आणखी काही जमतात. तिथं ऐकलेलं आणि माझ्या गाडीवर रोज पाहिलेलं, त्यावरून ही तपासणीची रीत लिहून राहिलो. तयार चॉपर विकत घेणाऱ्याला आणि घेऊन बसलेल्याला, दोघांनाही कामी येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बुलेटचं जुनं ३५० चं इंजिन म्हणजे ७० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ९० मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव), एकच सिलिंडर. लांब स्ट्रोकचा एकटा पिस्टन खालीवर होणार म्हणजे थरथर येणारच. कंपनीनं ती थरथर गृहीत धरून फ्रेम, टाकीचे रबर, सिलिंडर हेडला धरणारी पट्टी, मडगार्डचे टेकू बसवले होते. चॉपर बनवणारा यातलं बरंचसं कापून फेकतो, कारण दिसायला "क्लीन" पाहिजे. थरथर तेवढीच राहते, तिला झेलणारं मात्र गेलेलं असतं. चॉपरचे नव्वद टक्के लफडे इथूनच सुरू होतात. हा आकडा कुठल्या अभ्यासातला नाही, माझा अंदाज आहे.

कोणतं इंजिन

ज्यांना ऑफिसला गाडी न्यायची आहे त्यांना मी कार्बोरेटरवालं यूसीई ३५० (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेलं) सांगतो. सेल्फ स्टार्ट आहे, व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, त्यामुळे टॅपेट सेट करत बसावं लागत नाही, आणि पार्ट कोणत्याही गल्लीत मिळतो. कास्ट आयर्न म्हणजे प्रेमाचा मामला. सीबी पॉइंट (स्पार्कचे कॉन्टॅक्ट), टॅपेट, क्लच, सगळं हातानं करायची हौस असेल तरच त्या वाटेला जा. ५०० चं ईएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शननं पेट्रोल सोडणारं) इंजिन दमदार आहे, पण बनवणाऱ्यानं एअर फिल्टर काढून कोन फिल्टर लावला असेल, सायलेन्सरच्या जागी नुसता पाइप असेल आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्बडा सेन्सर लटकत ठेवला असेल, तर ती गाडी मिसफायर करणार, उन्हाळ्यात तर नक्कीच. थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट असलेलं बुलेटवाल्या कंपनीचं नवं "जे" (J) सिरीज इंजिन, २०२० च्या मीटिऑरपासून आलेलं, थरथरीच्या बाबतीत सगळ्यात शांत. पण अशी नवी गाडी कापायला जिवावर येतं. अव्हेंजर २२० वर बनलेल्या चॉपरला लोक नाक मुरडतात. आमच्यातल्या एकाकडे आहे, आणि पोह्याच्या ठेल्यावर सगळ्यात आधी तोच पोहोचलेला असतो.

फ्रेम: इथं वेळ घालवा

पेंट पाहू नका. पेंट चांगला असणं हीच कधी कधी काळजीची गोष्ट असते.

खिशात एक साधा लोहचुंबक ठेवा, फ्रिजवर चिकटवतात तो चालेल. कोनसेटच्या, म्हणजे हँडलचा दांडा ज्यात फिरतो त्या पाइपला जिथं वरचा आणि समोरचा पाइप येऊन मिळतो, तिथून सुरुवात करा. चुंबक पाइपवर फिरवत न्या. एखाद्या जागी पकड एकदम ढिली झाली, तर तिथं पेंटखाली पुट्टी आहे. वेल्डिंगची जाड कड घासून गुळगुळीत केली आणि वर पुट्टी भरून "मोल्डेड" लूक दिला, असा प्रकार. शोसाठी बनलेल्या गाड्यांत हे सर्रास असतं. पुट्टी असली म्हणजे वेल्ड कच्चाच असं नाही, पण वेल्ड तुम्हाला दिसत नाही एवढं नक्की, आणि न दिसणाऱ्या वेल्डवर मी बायकोला मागे बसवणार नाही.

पुढची पायरी आमच्या प्लांटमधली. चीर शोधायच्या डाय पेनिट्रंटचे तीन स्प्रे येतात: क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. वेल्डवरचा पेंट दोन-तीन इंच खरवडून धातू उघडा करायचा, क्लीनरनं पुसायचा, लाल डाय मारून दहा मिनिटं सोडायची. मग वरवरची डाय कापडानं पुसून घ्यायची. कापडावर क्लीनर मारायचा, थेट धातूवर नाही, नाहीतर फटीतली डायही धुवून निघते. वरून पांढरा डेव्हलपर हलकासा मारा आणि पाहत बसा. जोड चांगला असेल तर पांढरं पांढरंच राहतं. चीर असेल तर आधी एक लाल ठिपका उमटतो, मग तो ओढल्यासारखा लांब होत केसाएवढी रेघ बनते. तशी रेघ दिसली की विकणाऱ्याला चहाचे पैसे देऊन निघून यायचं. विकणारा पेंट खरवडू देत नसेल तर निदान वेल्ड करतानाचे फोटो मागा. ज्यानं मन लावून फ्रेम बनवली, त्याच्या मोबाइलात असे फोटो असतातच.

बुलेटच्या फ्रेमबद्दल आणखी एक. समोरचा पाइप इंजिनापाशी संपतो, खाली इंजिनालाच फ्रेमचं काम करावं लागतं. म्हणून इंजिन धरणाऱ्या पट्ट्या, त्यांचे बोल्ट आणि भोकं नीट पाहा. भोक लांबट झालं असेल तर बोल्ट बराच काळ ढिला चालला आहे. हेडपासून फ्रेमला जाणारी पट्टी जागेवर आहे का तेही पाहा. ती दिसायला बेढब असते म्हणून काढून टाकतात, आणि मग वर्षाच्या आत कुठंतरी तडा जातो. आमच्या ग्रुपमधल्या दोघांच्या गाड्यांना नेमक्या याच कारणानं पुन्हा वेल्डिंग करावं लागलं.

आता समोरचा लांब शॉकअप. चाक किती पुढे फेकलं आहे हे डोळ्यानं कळतं, पण गाडी चालते कशी हे "ट्रेल"वर ठरतं. मोजायला ओळंबा आणि एक सरळ पट्टी पुरते. गाडीवर एकाला बसवून ती सरळ उभी ठेवा. कोनसेटच्या पाइपच्या रेषेत, बाजूनं, पट्टी धरा आणि ती रेष जमिनीला जिथं भिडेल तिथं खडूनं खूण करा. मग समोरच्या एक्सलवरून ओळंबा सोडा, दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. पट्टीची खूण ओळंब्याच्या पुढे यायला पाहिजे. चार ते सहा इंच असेल तर चॉपर माणसाळलेली आहे. त्याहून फार जास्त असेल तर हळू वेगात हँडल एका अंगाला कोसळतं, सीताबर्डीच्या गर्दीत खांदे भरून येतात. फार कमी असेल तर धोका मोठा, कारण वेगात हँडल डगडगायला लागतं. हे बहुधा तेव्हा होतं जेव्हा कोनसेटचा कोन तसाच ठेवून शॉकअप धरणाऱ्या प्लेटलाच तिरका कोन दिलेला असतो. शॉकअप लांब करताना मूळ नळीला तुकडा जोडला आहे की अखंड लांब नळी आहे, हेही विचारा. जोडनळीची गाडी मी घेत नाही, भाव कितीही पाडला तरी.

समोरचा ब्रेकच काढून टाकलेल्या गाड्या दिसतात. त्यावर बोलण्यासारखं काही नाही, बसवून घ्या.

नट-बोल्ट

नागपूरचे सिमेंट रोड हार्डटेलवाल्याला चांगलेच माहीत आहेत. डांबरी रस्त्याचा खड्डा दिसतो तरी, सिमेंटच्या दर जोडाला मात्र चाक ठक ठक करत जातं आणि तो ठोका सरळ सीटखालून टाकीपर्यंत पोहोचतो. त्यामुळे नुसतं "बोल्ट टाइट करा" सांगून भागत नाही.

आमच्याकडे मशीनवर बोल्ट कसला की नटापासून खालच्या बॉडीपर्यंत पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनच दिसतं. गाडीवर हेच करा. पांढरा किंवा पिवळा मार्कर घ्या. इंजिन माउंट, शॉकअपच्या प्लेट, हँडल क्लॅम्प, मागचं एक्सल, कॅलिपर, मडगार्ड, फूटरेस्ट, टाकी, प्रत्येकावर रेघ. मग मानकापूर, काटोल नाका, वाडी असा एक चक्कर मारून या आणि टॉर्च घेऊन रेघा पाहा. कोणता बोल्ट सुटतो हे पहिल्याच चक्करमध्ये कळतं. त्याला नंतर निळं थ्रेड लॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावा. आधी बोल्ट आणि आटे थिनरनं साफ करा, तेलकट आट्यावर ते धरत नाही. लाल लॉकर लावू नका, उघडताना आच द्यावी लागते आणि पेंटची राख होते. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा काढला की नवा टाका, दोन-चार रुपयांसाठी जुनाच पुन्हा कसू नका. सायलेन्सरजवळ ना नायलॉक टिकतो ना लॉकर, तिथं पूर्ण धातूचा लॉकनट पाहिजे. हिंगणा एमआयडीसीच्या हार्डवेअरच्या दुकानांत तो मिळतो, "एक्झॉस्टला पाहिजे" म्हणून मागा.

कामठीचे एक रिटायर्ड फौजी आमच्यात आहेत. त्यांची गाडी दिसायला सगळ्यात साधी. दर शनिवारी संध्याकाळी स्टूल टाकून बसतात, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, एकेक रेघ पाहतात, वहीत लिहितात. छिंदवाड्यावरून तामिया, पचमढी करून आले, रस्त्यात पान्हा काढावा लागला नाही. त्यांच्या मागे धरमपेठेतल्या एका डॉक्टरांची गाडी उभी असते, मागे भलं रुंद टायर, सगळा क्रोम. रुंद टायरसाठी चेन बाहेरच्या अंगाला सरकवावी लागली, म्हणून गिअरबॉक्सच्या शाफ्टवर पुढे आलेलं ऑफसेट स्प्रॉकेट बसवलं. चेनची ओढ बेअरिंगपासून दूर गेली आणि बेअरिंगनं दम तोडला. बेअरिंग बदललं, तेही गेलं. शेवटी टायर अरुंद केलं तेव्हा प्रकरण थांबलं. रुंद टायरवाली गाडी पाहायला गेलात तर ऑफसेट स्प्रॉकेट किती बाहेर आहे पाहा, आणि बाहेरून आधाराचं बेअरिंग दिलं आहे का ते विचारा. चेन लाइन तपासायला दोरा ताणा, मागच्या स्प्रॉकेटच्या चपट्या बाजूनं पुढपर्यंत. स्प्रॉकेटचे दात एकाच अंगानं चमकत असतील तर दोरा ताणायचीही गरज नाही. हार्डटेलचा एक फायदा मात्र मान्य करावा लागतो: मागचं चाक धरणारा चिमटा हलत नाही, म्हणून चेनचा ताण सगळीकडे सारखाच राहतो.

वायरिंग आणि विदर्भाचा उन्हाळा

रस्त्यात उभ्या राहिलेल्या चॉपरपाशी थांबलात तर आधी सीटखाली हात घाला.

पावडर कोटिंग केलेली फ्रेम म्हणजे विजेच्या दृष्टीनं प्लास्टिक. अर्थची वायर त्यावर बोल्टनं कसली, तर करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जातो. सेल्फ कधी लागतो कधी नाही, लाइट फडफडते, मेकॅनिक बॅटरी बदलायला लावतो, नवी बॅटरीही आठ दिवसांत तशीच. असं असेल तर मल्टिमीटर घ्या, डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरवर अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर दोष अर्थमध्ये आहे, बॅटरी निर्दोष आहे. बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिन केसला जाड केबल टाका, फ्रेमवरचा बिंदू कानशीनं घासून पांढरा धातू काढा आणि जोडल्यावर वरून ग्रीस लावा. ही अडचण मी इतक्या गाड्यांत पाहिली की आता आधी हेच तपासतो.

चार्जिंग पाहायचं तर इंजिन जरा रेझ करून बॅटरीवर मीटर लावा. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट पाहिजे. कमी आलं तर स्टेटर (वीज बनवणारी कॉइल), वायर किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा डबा). १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला आणि मागोमाग बॅटरी जाणार. रेग्युलेटरला वारा लागतो. जरीपटक्याच्या आमच्या मित्राचा रेग्युलेटर बनवणाऱ्यानं सीटखाली डब्यात लपवला होता, दिसू नये म्हणून. मे महिन्यात तो जळाला, दुसरा बसवला, तोही जळाला. समोरच्या पाइपजवळ वाऱ्यात आणून लावला तेव्हापासून शांत आहे.

काळी टेप उघडून पाहा. नागपूरच्या उन्हात पारा ४५ च्या वर गेला की टेपचा गोंद वितळून हाताला चिकटतो आणि पीळ दिलेल्या तारा उघड्या पडतात. तिथं क्रिम्प केलेला, म्हणजे दाबून बसवलेला जोड आणि तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी पाहिजे. हँडलच्या आतून वायर नेली असेल तर भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी) आहे का ते बोटानं चाचपा. हेडलाइटला रिले आणि वेगळा फ्यूज असावा. सगळ्या गाडीला एकच फ्यूज असेल तर रात्री अमरावती रोडवर तो उडाला की पूर्ण अंधार.

अमेरिकेतल्या चॉपरवाल्यांनाही हाच ताप झाला. तिथं बिग डॉग, अमेरिकन आयर्नहॉर्स अशा कंपन्या कारखान्यात चॉपर बनवत. २००८ च्या मंदीच्या सुमारास हा धंदा बसला. इंजिन बहुतेक एस अँड एस या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं, त्याचे पार्ट नंतरही मिळत राहिले. हाल झाले ते कंपनीच्या स्वतःच्या खास इलेक्ट्रॉनिक डब्यांचे. म्हणून गाडीत जितका माल बाजारातला, तितकं बरं. हातानं घडवलेला सुंदर लिव्हर तुटला तर तो बनवणारा कारागीर आता कुठं आहे, याची चौकशी आधीच करून ठेवा.

इंजिन हवेवर थंड होतं, आणि हवा तर चालत्या गाडीलाच मिळते. व्हरायटी चौकात मे महिन्यात दुपारी अडकलात तर इंजिन बंद करा. सिग्नलवर सावलीसाठी ताणलेली हिरवी जाळी तुमच्या डोक्यासाठी आहे, सिलिंडरला तिचा उपयोग नाही. कास्ट आयर्नला २०डब्ल्यू-५०, यूसीईला १५डब्ल्यू-५० ऑइल, आणि उन्हाळ्यात बदलायची मुदत अलीकडे आणा. नुसता आखूड पाइप लावला असेल तर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन जास्त तापतं. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) बदलला होता का विचारा, आणि प्लग काढून पाहा. पांढराफटक प्लग म्हणजे तापलेलं इंजिन, बिस्किटाच्या रंगाचा म्हणजे ठीक.

टाकी

चॉपरची शेंगदाण्याच्या आकाराची टाकी सात-आठ लिटरची. लिटरला तीस धरले तरी रिझर्व्ह सोडून दोनशे किलोमीटरच्या आत पंप शोधावा लागतो. रामटेक, खिंडसी सहज होतं, अमरावती नुसतं जाण्यापुरतं होतं. समृद्धी महामार्गाचा विचार डोक्यातून काढून टाका, तिथं दुचाकीला बंदी आहे.

टाकी फ्रेमला थेट बोल्टनं कसली असेल तर माउंटपाशी फुटणारच. रबरी बुश पाहिजेत, आणि तेही दरवर्षी दाबून पाहायचे. पेट्रोल आता इथेनॉल मिसळलेलं, २० टक्क्यांपर्यंत. जुने रबरी पाइप फुगतात, फायबरच्या टाक्या आणि हलक्या दर्जाचं आतलं कोटिंग विरघळून कार्बोरेटरमध्ये चिकट गाळ होतो. इथेनॉलला चालणारा पाइप टाका, मध्ये पारदर्शक फिल्टर लावा, आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा.

आरटीओ आणि विमा

हे वाचायला कोणाला आवडत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. फ्रेम कापलेली, कोनसेट हलवलेली गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे ही जोखीम अंगावर घेणं, "आपल्याला कोण अडवते" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर तर नागपूरचे ट्रॅफिक पोलीस जप्त करून रोलरखाली घालतात.

एमएच ३१, ४० की ४९, कोणत्याही आरटीओची असो, आरसी हातात घेऊन इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवर स्वतः जुळवा. चेसिस नंबर असलेला तुकडा कापून दुसऱ्या फ्रेमला जोडलेला दिसला, नंबरभोवती वेल्डचा ताजा डाग दिसला, तर व्यवहार तिथंच सोडा. रंग बदललेला असेल तर आरसीवर नोंद आहे का पाहा. हँडल, सीट, फूटरेस्ट, मडगार्ड बोल्टनं बदललेली आणि मूळ फ्रेम शाबूत असलेली गाडी मला म्हणूनच जास्त पटते, मूळ सामान गोणीत बांधून सोबत मिळत असेल तर आणखीच. विमा घेताना गाडी जशी आहे तसे फोटो देऊन लेखी कळवा आणि उत्तर येईपर्यंत गाडी घरीच ठेवा. कंपनीनं नाही म्हटलं तर ते तेव्हाच कळलेलं बरं, क्लेम करताना कळून काही फायदा नाही.